हुकूम कागदावर नव्हता

ता. परतूर
१२ जून १९९४

ती. धर्मराजकाकांस,
बेबीनंदाचा सप्रेम जयभीम. वि. वि. शाळेआधी पाटी तुम्हीच हातात दिलीत, म्हणून तुम्हालाच विचारते.

गिरिजाबाईंचा मुलगा रामकिसन बाहेरगावी विहिरींच्या सुरुंगांवर कामाला असतो. गावचं पोस्ट माझ्याकडे, त्यामुळे त्याची पत्रं मीच त्यांना वाचून दाखवते. नोव्हेंबरात पोलीस ठाण्याच्या जमादारांनी त्याचं बंद पत्र मागितलं. मी लेखी हुकूम मागितला, तर म्हणाले, तू वाचतेसच की, मंग मी वाचलं तर काय बिघडलं? मी दिलं. आत होतं, सुरुंगाच्या उरलेल्या कांड्या कोरड्यात ठेव. तेवढ्यावर त्याला टाडा, तो दहशतवाद्यांचा कायदा, लागला.

आता टाडाचे खटले तपासणारी सरकारी समिती विचारते आहे, पत्र कुणाच्या हुकमानं उघडलं? जमादारांनी मागच्या तारखेचा हुकूम आणलाय, मिळाला म्हणून सही कर म्हणतात. केली तर पत्र कायद्यानंच उघडलं असं ठरेल आणि रामकिसन आतच राहील. नाही केली तर माझी नोकरी जाईल. आई म्हणते, गुमान सही कर. मला जेवण जात नाही.

तुमची,
बेबीनंदा


जाफराबाद
१८ जून १९९४

चि. बेबीनंदास अनेक आशीर्वाद.

हुकूम नव्हता हे तुला ठाऊक आहे, मग मला कशाला विचारतेस? उद्या चुकलं तर काकानं सांगितलं म्हणता यावं, म्हणून ना? तेवढं मी देणार नाही. एकच सांगतो. गिरिजाबाईंनी लेकाची पत्रं वाचायचा विश्वास तुझ्यावर टाकला, जमादारावर न्हाई.

वहिनीला म्हणावं, नोकरी गेलीच तर इथं एक भाकर जास्त थापू. तुझी काकू म्हणते दोन, पोरगी खादाड आहे.

तुझा काका


८ मार्च १९९५

ती. काकांस सादर जयभीम.

समितीला मी लिहून दिलं की हुकूम नव्हता, आणि पत्र मीच दिलं. दुसरं वाक्य लिहायला दोन दिवस लागले. महिन्याभरात मला कामावरून काढलं. पोस्ट आता गावातलेच तातेराव बघतात. टाडा काढावा अशी समितीनं शिफारस केली, आणि जामिनावर रामकिसन परवा घरी आला. फार वाळलाय.

मी माफी मागायला गेले. गिरिजाबाईंनी चहा ठेवला. म्हणाल्या, जाऊ दे बाई, तू खरं बोललीस म्हणून तर लेकरू दिसलं. मग पदरानं कपबशी पुसत सांगितलं, की तो पुन्हा कामावर निघालाय, पण त्याला बजावलंय, आता पत्र बिलकुल धाडू नको, येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडी निरोप दे.

मी चहा घेतला आणि घरी आले.

काकूंना जयभीम. माझ्यावरची माया आटू देऊ नका.

तुमची,
बेबीनंदा