वासावरून साल

३ ऑक्टो., शुक्र.
सुपरमार्केटात आमची लाल वाइन आली. फ्रान्सची, खालच्या फळीवरची, तीन-चार द्राक्षांची मिसळ. यंदा लेबलवर '२३. समीरने सहा घेतल्या: एक प्यायला, पाच जिन्याखाली मुरायला. शेजारची शिल्पा दरवर्षी हसते, "अगं, स्वस्तातली वाइन आहे, लोणचं नाही!" असू दे. लग्नाच्या वाढदिवशी जुन्या बाटल्या काढायच्या आणि नवऱ्याने, म्हणजे समीरने, नुसत्या वासावरून साल सांगायचं, ही आमच्या घरची रीत. डोळे बांधून, कारण जुनी विटकरी दिसते, नवी जांभळी. हे त्यानेच मला शिकवलं. अजून एकदाही चुकलेला नाही. नाकाचा भारी माज.

९ ऑक्टो.
ऑफिसातून आले तर दारातच करपल्याचा वास. इंग्लंडातल्या या अख्ख्या ब्रॅकनेल गावभर पसरला असेल. समीर शेगडीपासून हाताच्या अंतरावर लॅपटॉप घेऊन बसलेला. वरणाचा कोळसा.
"अरे, वास नाही आला?"
"कॉलवर होतो गं."
कॉल कानाने घेतात, नाकाने नाही. पातेलं भिजत घातलं.

१२ ऑक्टो., रवि.
पुण्याला व्हिडिओ कॉल. बाबा, म्हणजे सासरे, आता चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. तरी सांडतो. पार्किन्सन वाढलाय. आई सहज बोलून गेल्या, "हात नंतर कापायला लागले गं. आधी वास गेला. उदबत्ती लावलीय की नाही, कळायचं नाही ह्यांना."
समीर मागे चार्जरची वायर गुंडाळत होता. ऐकलं का त्याने?


१४ ऑक्टो.
हिंगाची डबी उघडून मुद्दाम त्याच्या शेजारी ठेवली. मला ठसका लागला. हा शांतपणे केळं खातोय.
म्हटलं, जीपीला, आपल्या नेहमीच्या डॉक्टरला, दाखवू. "सर्दी आहे, उगाच बाऊ करू नकोस." सर्दी! आठवड्यात एक शिंक नाही. कडाक्याचं भांडण. शेवटी म्हणाला, "शनिवारी लग्नाच्या वाढदिवशी बघ. एक जरी साल चुकलं तर मुकाट्याने जीपीकडे येतो."
पैज लागली. आयुष्यात पहिल्यांदा तो हरावा असं वाटतंय.

१७ ऑक्टो.
एक लक्षात आलं. मी दरवर्षी जुनीकडून नवीकडे ओतत जाते. सवय. हे त्याला ठाऊक आहे.

१८ ऑक्टो., शनि.
लबाडी केली. माझी हिरवी ओढणी त्याच्या डोळ्यांवर बांधली आणि तिन्ही ग्लासांत एकच बाटली ओतली, '२२. त्याने फसावं म्हणून नाही. "अगं, या तर तिन्ही सारख्याच!" असं एकदा ओरडावं म्हणून.
पहिला ग्लास हुंगला. "'१८. सुक्या अंजिरासारखी."
दुसरा. "'२०. मिरी आहे हिच्यात."
तिसऱ्याला हसलासुद्धा. "'२२. पोरसवदा आहे अजून."
गेल्या वर्षीचेच शब्द, जसेच्या तसे.
ओढणी सोडली. तीन ग्लास ओळीने समोर, तिन्ही जांभळे. एकेक ग्लास निरखला. मी वाट बघत होते, आता बोलेल, आता बोलेल.
"जिंकलो ना?"
"जिंकलास," म्हणाले. का म्हणाले? भ्यायले, दुसरं काय.

१९ ऑक्टो., रवि.
पुण्याचा कॉल. बाबांनी विचारलं, "काय रे, ओळखलीस का सगळी?"
"सगळी," समीर म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही.
आई म्हणाल्या, "दृष्ट काढ गं त्याची."
जीपीचं ॲप सकाळपासून दोनदा उघडलं, बंद केलं. उद्या बोलते. उद्या नक्की.
कॉल चालू असतानाच समीरने चहाचा मग उचलला. दोन्ही हातांनी. गारवा आहे, हात शेकत असेल.
हीटिंग सकाळपासून चालू आहे.