पान तेहतीस ते अठ्ठेचाळीस

सोलापूर, मार्गशीर्ष वद्य तृतीया, शके १८५५

तीर्थस्वरूप दाजी चनबसप्पा यांच्या पायांशी गुरुलिंगचे शरणु शरणार्थी. इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त माझी मान दुखते आहे (कारण पुढे येईल). आक्काचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. आपल्या मेंढ्यांचे पाय कसे आहेत? मागच्या पत्रात आपण लिहिले होते की मेंढ्या अजून लंगडतात, परंतु मी श्रावणात धाडलेले 'मेंढरांची निगा' हे पुस्तक उत्कृष्ट आहे, मधला भाग दोनदा वाचून झाला, आणि पुढचा खंड निघाला असल्यास जरूर पाठवावा. दाजी, माझ्या लग्नात माझ्याकडची पुस्तके पाहून 'ह्यानं पोट भरतं का?' असे चारचौघांत विचारणारा माणूस पुढचा खंड मागतो, ह्याचा मला इतका अभिमान वाटला की ते पत्र मी आमच्या संघाच्या बैठकीत उभे राहून वाचून दाखवले.

संघ कोणता ते आपल्याला ठाऊक नसणार, कारण तो ठाऊक असलेली माणसे जिल्ह्यात चारच आहेत आणि ती चारही त्याचे पदाधिकारी आहेत. 'सोलापूर जिल्हा ग्रंथ देवघेव सेवक संघ' असे त्याचे नाव असून मी चिटणीस आहे. आमच्या वाचनालयाची पुस्तके पत्र्याच्या पेटीत घालून मोहोळ, सांगोला, अक्कलकोट इथल्या वाचनालयांना जातात आणि त्यांची इकडे येतात, त्यामुळे सोलापुरात विकत घेतलेले पुस्तक सांगोल्याचा माणूस फुकट वाचतो. पेटी निघाली की लोक वाचनालयाच्या कमिटीला धन्यवाद देतात. पण पेटी भरणारा कोण, सर्व्हिस मोटारीच्या टपावर ती चढवणारा कोण, आणि वाटेत तिच्यावर कोंबड्यांची डालगी ठेवली म्हणून क्लीनरशी भांडणारा कोण, हे कुणी विचारत नाही. म्हणून आम्ही चौघांनी संघ काढला, रबरी शिक्का करवून घेतला आणि अकरा नियम केले. अकराही माझ्या हातचे आहेत.

त्यातला चौथा नियम मला सगळ्यात प्रिय. परगावी जाणारे पुस्तक आधी उसवावे, त्याचे फर्मे नीट लावावेत आणि पुन्हा शिवूनच धाडावे (फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी, अशा घड्या एकापाठोपाठ शिवल्या की पुस्तक होते). हे काम सेवकाने स्वतः करावे, बाहेरच्या बाइंडरला देऊ नये. सातवा नियम असा की पेटीत जाणारे पुस्तक सेवकाने वाचत बसू नये. हा नियम मोहोळच्या श्रीमंतमुळे करावा लागला. पेटी मोहोळात आली की श्रीमंत आधी सगळ्या कादंबऱ्या स्वतः वाचून घ्यायचा, आणि मोहोळचे वाचक तोवर पंचांग वाचायचे. नियम केल्यावर श्रीमंत सुधारला, आणि आम्ही त्याला अध्यक्ष केले.

आता मुख्य गोष्ट. आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष शरणप्पा शेट (नव्या पेठेतले कापडवाले, स्वभाव कांजी केलेल्या धोतरासारखा) दसऱ्याला मला म्हणाले की 'कुमुदिनीचा निश्चय' ही कादंबरी श्रावणापासून सांगोल्यात आहे. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेआधी वार्षिक सभा आहे. तोवर ती अखंड आणि सगळ्या पानांसह टेबलावर आली नाही, तर बाहेरगावची देवघेव कायमची बंद. दाजी, मला रात्रंदिवस ती पेटीच दिसू लागली, माळ्यावर पडलेली आणि आत लोणच्याची बरणी ठेवलेली. मी सांगोल्याचा आमचा सेवक बाळासो ह्याला तीन पत्रे टाकली. तिसऱ्याचे उत्तर आले की पुस्तक सुखरूप आहे, परंतु ते मायाक्काकडे आहे आणि ती देत नाही, चिटणीसांनी स्वतः यावे. चिटणीस गेले.

सांगोल्याला पोहोचल्यावर कळले ते असे. बाळासो दर रविवारी दुपारी वाचनालयाच्या ओट्यावर बसून मोठ्याने कादंबरी वाचतो आणि बाजाराला आलेली वीस-पंचवीस माणसे ऐकतात. त्यांत मायाक्का ही साठ मेंढरांची मालकीण. बाळासो पान बत्तीसपर्यंत आला. बागेत नायक कुमुदिनीचा हात हातात घेतो, तिच्या डोळ्यांत पाहतो आणि हळूच म्हणतो... इथे बाळासो समोरच्या पानावर आला आणि न थांबता पुढे वाचले की, खुराला घाण वास येत असल्यास खूर तासून स्वच्छ करावा, मोरचुदाचे पाणी उथळ चरीत भरावे आणि त्यातून सर्व मेंढरे सावकाश चालवावीत. सोळा पाने हेच. पान एकोणपन्नासवर कुमुदिनी लाजून आत पळून जाते. ऐकणाऱ्यांत एकालाही काही खटकले नाही. (बाळासोलाही नाही. मी विचारले तेव्हा म्हणाला, "आमाला वाटलं शिकल्याली मानसं आसंच बोलत्यात.") मायाक्काची अर्धी मेंढरे तेव्हा लंगडत होती. तिने घरी जाऊन चर खणली, मोरचूद आणला, आणि पंधरा-वीस दिवसांत कळप सरळ चालू लागला. त्यानंतरच्या बाजाराला येऊन तिने पुस्तक घोंगडीखाली घेतले आणि चालती झाली.

मी तिच्या वाड्यावर गेलो (वाडा म्हणजे काट्यांच्या कुंपणाचा, मेंढरांचा). तिथे ते पुस्तक हातात घेऊन पान तेहतीस उघडले. शिवण माझीच होती. दुहेरी दोरा, चार टाके, शेवटी माझी खास गाठ. श्रावणात त्या दिवशी मेजावर दोन पुस्तके उसवून ठेवली होती, दोन्ही एकाच आकाराची. कादंबरीत मी मेंढरांच्या कुठल्याशा पुस्तकाची सोळा पाने शिवली होती. पानांचे आकडे मी काळजीपूर्वक तपासले होते आणि बत्तीसनंतर तेहतीसच होते. मजकूर पाहण्याचा प्रश्नच नव्हता, नियम सातवा.

मी मायाक्काला खरे काय ते सांगायला तोंड उघडले, पण तिने मला बोलू दिले नाही. "पुस्तक न्हाय द्यायची," ती म्हणाली. "त्यो बाबा लई शाना हाय. पोरीचा हात धरलाय तरी ध्यान मेंढराकडं. आसा जावय कुटं गावतोय, सांगा की."

दाजी, संघाच्या इतिहासात (दीड वर्ष) कुठल्याही पुस्तकाची कुणी अशी कदर केलेली नाही. मला एकदम भरून आले. मग मी तिला विनवले की ती सोळा पाने मी माझ्या हाताने नकलून देतो, मूळ पुस्तक मला न्यावे लागेल, नाहीतर पेटीच बंद होईल आणि पुढचे कुठलेच पुस्तक सांगोल्याला येणार नाही. तिने बराच विचार केला. शिक्का मारून दिलात तर चालेल, म्हणाली. दोन दिवस लिंबाखाली बसून मी खूर, मोरचूद आणि चर नकलून काढली (मान त्यात गेली), खाली संघाचा शिक्का मारला आणि पुस्तक घेऊन निघालो. निघताना तिने मला एक नवी घोंगडी दिली. ती मी सभेला खांद्यावर घेऊन जाणार आहे, शरणप्पा शेटना उकडले तरी चालेल. जिल्ह्यात चार माणसे पत्र्याच्या पेट्या उचलतात म्हणून सांगोल्याची मेंढरे सरळ चालतात, हे मी सभेत सांगणार आहे, आणि सांगताना माझा आवाज कापला तर कापू दे.

आक्काला नमस्कार. आपला आशीर्वाद असावा.

आपला
गुरुलिंग
(चिटणीस)

ता. क. मेंढरांचे ते 'कुठलेसे पुस्तक' म्हणजे आपल्याकडे आहे तेच. त्यात पान तेहतीस ते अठ्ठेचाळीस कुमुदिनी आहे. आपण मधला भाग दोनदा का वाचलात आणि पुढचा खंड का मागितलात, हे मला सांगोल्याहून परतताना मोटारीत एकदम उमगले, आणि मी मोठ्याने हसलो म्हणून शेजारच्या बाईने आपली पिशवी पलीकडे घेतली. मेंढ्यांवर आपण अद्याप काही उपाय केला नसेल, हे बरेच झाले. खुरांचा मूळ फर्मा कादंबरीतून सोडवून सोबत धाडला आहे, तो आजउद्याच वापरावा. आता विनंती. कुमुदिनीचा फर्मा अलगद सोडवून (दोरा कापावा, पान ओढू नये) परतीच्या टपालाने धाडावा. सभेला सोळा दिवस आहेत. त्या सोळा पानांवाचून शरणप्पा शेट पेटी बंद करतील.

आणखी ता. क. आपण ती पाने वाचलेली नाहीत, हे मी कुणालाही शपथेवर सांगेन. बैठकीत वाचलेले आपले पत्रही संघाच्या फाइलीतून मी काढून घेतले आहे.

शेवटचा ता. क. पत्र बंद करणार तोच आपल्या गावची केराबाई बाजाराला आलेली भेटली. तिने आक्काचा निरोप सांगितला. ते मेंढरांचे पुस्तक आल्यापासून धनी दर बाजाराला शेवंतीची वेणी आणतात आणि संध्याकाळी ओट्यावर आक्काशी दोन शब्द बोलतात, एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच. तेव्हा गुरुलिंगने ते परत मागू नये. "आक्का म्हनत्यात, मेंढरं लंगडली तर लंगडू देत, पन पुस्तक ऱ्हाऊ दे," असे केराबाईचे शब्द. दाजी, मी तिथेच पिशवी खाली ठेवली आणि पत्राची घडी पुन्हा उलगडली. फर्मा तर धाडावाच लागेल, पण आला की तो माझ्या हाताने जसाच्या तसा नकलून आठ दिवसांत आपल्याला परत पाठवतो. त्यासाठी नियम सातवा मोडावा लागेल, तो मोडतो. खाली शिक्का हवा की नको, तेवढे आक्काला विचारून कळवा.