तिसऱ्या मजल्यावर न थांबलेली टोपली

शुब्रा, कैरो
शनिवार, सकाळी

प्रिय बंधू रऊफ यास,

थोरल्या चुलतभावाचा, म्हणजे फिक्रीचा, सलाम आणि आशीर्वाद. तुझा रक्तदाब, तुझ्या रातिबाचे गुडघे आणि तुमच्या अलेक्झांड्रियाचा समुद्र आपापल्या मर्यादेत असतील अशी आशा आहे. मी बरा आहे. निदान काल दुपारपर्यंत होतो. त्यानंतर जे झालं ते तुझ्या पापाचं फळ, आणि ते तुला सविस्तर कळावं म्हणून हे पत्र.

पाप कोणतं, म्हणून विचारशील. गेल्या उन्हाळ्यात तू इथे राहिलास, आणि माझ्या समोरच्या दारातल्या नझमीला (करखात्यातून निवृत्त, जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधण्यापलीकडे त्याच्या हातांना काही काम नव्हतं) जहाजावरचा जुना बिनतारीवाला म्हणून मिशीला पीळ देत सोल्डरगन धरायला शिकवलंस. माकडाच्या हाती कोलीत देतात हे ऐकून होतो, पण कोलीत विजेवर चालणारं असावं ही सुधारणा तुझी. तेव्हापासून त्याने एक घंटा केली, ती दाराशी कुणी नसलं की वाजते. एक यंत्र कुंडीत खोचलं. पुदिन्याला तहान लागली की त्यात लाल दिवा लागायचा होता. पुदिना वाळून कोळसा झाला, दिवा अजून हिरवा आहे. रऊफ, याच गल्लीत एकेकाळी संध्याकाळी निवृत्त माणसं गॅलरीत बसून कविता म्हणत. एकाने बैताचा, म्हणजे दोन चरणांच्या कवितेचा, पूर्वार्ध सोडावा, समोरच्याने उत्तरार्ध परत करावा. मधल्या हवेत चमेलीचा वास असायचा. आता नझमीच्या गॅलरीतून येतो तो सोल्डरच्या जळक्या राळेचा, आणि त्याला उत्तरार्ध नसतो.

आता टोपलीचं ऐक. पाचव्या मजल्यावरून दोरीने ती खाली सोडायची, खालच्या दुकानातल्या हाजी शाहीनने तीत पाव, चीज, कांदे ठेवायचे, मी वर ओढायची. जिन्याशी भांडण झालेल्या माणसाचा संसार त्या दोरीवर चालतो. टोपली तिसऱ्या मजल्याशी आली की माझा उजवा खांदा धरतो (नेमका तिथेच का, हे डॉक्टरलाही सांगता आलं नाही), म्हणून तिथल्या मादाम बहीगा (त्याच, मुलींच्या शाळेत अरबी शिकवायच्या, यजमान जाऊन फार वर्षं झाली) शेजारधर्म म्हणून दोरी आपल्या कठड्याच्या आकड्यात अडकवतात आणि मी जरा दम खातो. एवढंच. पण मागे एकदा सौसन आली, तिने रस्त्यावरून पाहिलं की बापाची टोपली चहा थंड होईपर्यंत तिसऱ्या मजल्यावर लटकते आहे, आणि लेकीने निकाल दिला: बाबांचा हात गेला. आता त्यांना आपल्याकडे, वाळवंटातल्या नव्या वसाहतीत, तळमजल्यावर न्यायचं. मी ती वसाहत पाहिली आहे. तिथे खिडकीखालून कुणी काही ओरडत जात नाही, आणि शेजाऱ्याकडे जायचं तर फाटकावरच्या पहारेकऱ्याला कारण सांगावं लागतं. मी जेवण सोडलं. तेवढ्यात नझमी मध्ये पडला: मास्तरांच्या टोपलीला मी मोटर लावून देतो. सौसन म्हणाली, "शुक्रवारी मी खाली उभी राहीन. टोपली हात न लावता वर आली तर राहा इथेच. नाही तर सामान बांधा."

म्हणजे बघ, तुझ्या चुलतभावाचं उरलेलं आयुष्य एका करवसुलीवाल्याच्या सोल्डरगनच्या टोकावर.

मोटर एका भंगारातल्या गाडीच्या वायपरची. तिला हुकूम देणारं सर्किट मात्र नझमीला विकतचं चालेना. बाब अल-लूकच्या दुकानांत तयार मिळतं ते "आत्मा नसलेलं" म्हणे. (करखात्यात आत्म्याची चौकशी कधीपासून?) सर्किटची पाटी घरी करायची रीत तुला ठाऊक आहेच: नक्षी चकचकीत कागदावर छापायची, तांब्याच्या पाटीवर उपडी ठेवायची आणि वरून इस्त्री फिरवायची. कागद माझ्या कविता-मासिकाचा, इस्त्रीही माझी. तेव्हापासून माझ्या पांढऱ्या सदऱ्यांच्या पाठीवर बारीक काळे रस्ते उमटतात. मी अट घातली, पाटीच्या कोपऱ्यात माझी एक ओळ हवी. अख्खा बैत मावेना, पूर्वार्धच मावला: "जे रिकामं खाली गेलं, ते भरून वर येवो." तर हा गृहस्थ संगणक माझ्या टेबलावर उघडा ठेवून कॉफी करायला गेला, आणि पडद्यावर माझी ओळ उलटी. शेपटापासून तोंडाकडे. मी आयुष्यभर लाल पेन धरलेला माणूस. एका कळीने सगळं आरशातल्यासारखं फिरतं हे त्यानेच कौतुकाने दाखवलं होतं. मी ती कळ दाबली, ओळ सरळ झाली. आता तो म्हणतो, शिक्क्यासारखं असतं ते, कागदावर उलटं तेव्हा पाटीवर सुलटं, तुम्ही माझी अख्खी पाटी फिरवलीत. आणि पाटीवर ओळ उलटी उमटली ती उमटलीच. मी म्हणतो, अरबीच्या मास्तरासमोर उलटी कविता ठेवून जो कॉफीला जातो, चूक त्याची.

पण खरा गुन्हा पुढे. नको असलेलं तांबं खायला ते तपकिरी पाणी लागतं ना, ते त्याने ओतलं मादाम बहीगांच्या ॲल्युमिनियमच्या ताटात. ज्या ताटातून ईदला रव्याचा गोड बसबूसा वर येतो, त्या ताटात. पाण्याने तांब्याआधी ताट खाल्लं. त्याची चाळण झाली आणि माझ्या फरशीवर नाईल नदीचा नकाशा उमटला. बाईंना मी अजून सांगितलेलं नाही. ताट माझ्याकडे "जपून" आहे.

फिरलेल्या पाटीवर बसवलेली पहिली चिप पाद सोडावा तसा धूर सोडून गेली. दुसरी त्याने पाटीच्या पोटाकडून, उताण्या झुरळासारखी डाकली. मी म्हटलं, अशाने टोपली येणार कशी? तर म्हणाला, "कवितेनेही येत नाही, मास्तर."

काल शुक्रवार. टोपली हाजी शाहीनच्या पायरीवर, दोरी सगळी सुटलेली. सौसनने तीत औषधं, पाव आणि घरून आणलेलं मुलूखियाच्या बुळबुळीत पालेभाजीचं पातेलं ठेवलं. मी 'वर'ची कळ दाबली. मोटर फिरली खालच्या दिशेने, कारण फिरलेल्या पाटीत वर-खालच्या ताराही फिरल्या होत्या. पण सुटायला दोरीच उरली नसल्याने ती रिळावर उलट्या बाजूने गुंडाळू लागली, आणि टोपली निघाली की वर! दोन चुकांचं एक बरोबर. गल्लीने टाळ्या वाजवल्या. नझमी असा वाकला की जणू त्याला पदक देताहेत.

आणि तिसरा मजला आला. मादाम बहीगा नेहमीसारख्या कठड्याशी, हातात लिंबाचं लोणचं भरलेली लहानशी बरणी, दुसरा हात दोरीकडे. टोपली त्यांच्या समोरून मंत्र्याच्या गाडीसारखी निघून गेली. हात तसाच राहिला. मग त्या वर बघून म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या टोपलीला आता आमच्याकडे बघायलाही सवड नाही."

मी उत्तर द्यायला वाकलो, त्यामुळे कळ सोडायची राहिली. कठड्याशी थांबवणारा खटका मोटर सरळ फिरली तरच ऐकतो. उलट्या मोटरला तो बहिरा. टोपली मला ओलांडून डोक्यावरच्या कप्पीला जाऊन धडकली, कलंडली, आणि पातेलं पाच मजले उतरून जावयाच्या पांढऱ्या गाडीच्या काचेवर विसावलं. वायपर मदतीला येईनात. मुलूखिया वायपरला जुमानत नाही.

सौसन धापा टाकत वर आली. मी सामानाकडे पाहिलं. ती म्हणाली, "वर जाते हे पाहिलं, बाबा. आता थांबते हे दाखवा. पुढच्या शुक्रवारी."

तर भावा, तुझी ती सोल्डरगन समुद्रात फेक, आणि तुमच्या या जळक्या राळेच्या पंथातून बाहेर पड. निवृत्त माणसाने कविता पाठ कराव्यात; त्यांना शॉक लागत नाही. रातिबाला सलाम.

तुझा संतप्त,
फिक्री

ता. क. सोल्डरगन अजून फेकली नसशील तर ती घेऊन बुधवारच्या गाडीने ये. नवी पाटी तू कर. नझमीला म्हण, सहज आलो होतो. येताना एक ॲल्युमिनियमचं ताट आण, गोल, बऱ्यापैकी वापरलेलं.

ता. क. दुसरा. खांद्याच्या काळजीने तेल वगैरे आणू नकोस. खांदा ठणठणीत आहे. हे सौसनला कळता कामा नये.

ता. क. तिसरा, आणि हा वाचून फाडून टाक. तुझ्या पाटीत टोपली पाचव्या मजल्यावर आपोआप थांबेल हे उघडच आहे. तशीच ती तिसऱ्यावरही थांबवता येईल का? फार नको. एक बरणी ठेवून एक ओळ म्हणायला लागेल तेवढंच. पाटीवर उत्तरार्ध मावला नाही असं मी वर लिहिलं, पण तो माझा नव्हताच. पूर्वार्ध मी एकदा चिठ्ठीवर लिहून टोपलीतून खाली सोडला होता, तिसऱ्या मजल्यावरून तो पुरा होऊन वर आला:

"आणि वाटेत कुणी अडवलं, तर त्याला घाई नसो."