फुलावर आलेला ताग

बाबा, यंदा मी ताग पेरला आणि कापला नाही. मुद्दाम. कुळगावच्या या तळमजल्याच्या घरामागे जी अरुंद पट्टी आहे, तिथे आता पुरुषभर उंच पिवळा फुलोरा उभा आहे. मधमाश्या आणि काळे भुंगे दिवसभर घोंघावतात आणि सोसायटीचे सेक्रेटरी खिडकी लावून घेतात. दोन्हींचा मला आनंद आहे.

मोरिवलीला तुम्ही वांग्यांआधी दरवर्षी ताग पेरायचात. हिरवळीचं खत. वाढवायचं, लाड करायचे आणि फुलावर आलं की कापून जागच्या जागी मातीत गाडायचं. एका सकाळी पहिली फुलं उमलली, केमिकल कंपन्यांचा वास ओलांडून मधमाश्या आल्या, आणि रात्रपाळी संपवून तुम्ही आलात. मी आडवा उभा. "दोन दिवस थांबा ना, बाबा." तुम्ही घरात जाता, आणि बाहेर येता ते विळा घेऊन. "सरक. बघायला नाही पेरलाय." माश्या बसलेल्या असतानाच तुम्ही कापत सुटलात. मग मला म्हणालात, "तुडव." तळपायाला माशी चावली, मी भोकाड पसरलं, तर तुम्ही म्हणता, "तिचं ताट तुडवलंस, ती काय ओवाळेल तुला?" विनोद मी तुमच्याकडूनच शिकलो, दया कुणाकडूनच नाही.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आईच्या तोंडून एकदा, एकदाच, 'माणूस दुष्ट होता' एवढं मला ऐकायचं होतं. त्यासाठी हा फुलोरा. काल तिला खुर्चीसकट मागच्या दारी नेऊन बसवलं. म्हटलं, "बघ. बाबांनी कधी बघू दिलं तुला?"

ती फुलांकडे बघतच नाही. देठ चाचपते. "नुसतं दोरखंड झालंय. हे कुजणार कधी नि वांगी लावणार कधी?"

"बाबा असते तर..."

"ह्यांचं काय सांगतोस! कापायला ह्यांचा हात धजायचा नाही. बावळटासारखे उभे राहायचे फुलं बघत. मीच सांगायचे, आधी कापा, मग चहा."

"आणि मी आडवा उभा राहिलो, त्या सकाळी?"

"आत येऊन म्हणाले, पोरगं म्हणतंय, राहू दे दोन दिवस. मी विळाच हातात दिला." मग माझ्याकडे बघून, "उभा काय? चहा टाक."

टाकला. हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही, म्हणून सांगतो. राग मी तुमच्यावरच ठेवणार आहे. तिच्यावर काढावा तर ती उलट बोलते, आणि मला अजून तिची भीती वाटते.