जुनं पॅकिंग, बंद काचा

५ जाने.
कशेळ्याच्या चढावर गाडीने पुन्हा मान टाकली. मागे काळा धूर. थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने जाम, दुसरं काही नाही. वैशूला नववा लागलाय. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे जबाबदारी माझी. कडावहून कर्जतचं हॉस्पिटल गाठायचं ते ह्याच गाडीने. ऐनवेळी बंद पडली तर?

६ जाने.
सकाळी अंगणातच व्हॉल्व्ह काढला. बोटभर काजळी. क्लीनर मारून जुन्या टूथब्रशने घासला, झडप मोकळी झाली. जन्मभर फिटर होतो, एवढं येतंच. काढताना सांध्यातून धूर फुटू नये म्हणून असतं ते पॅकिंग तेवढं फाटलं. दुकानात फोन केला, नवीन परवा येणार. पण वैशूची तपासणी आज दुपारी! जुन्यालाच दोन्हीकडून पेस्ट थापून बोल्ट आवळले. ट्यूबवर लिहिलंय, एक दिवस सुकू द्या. मी दोन तासांत निघालो.

६ जाने., संध्या.
जाताना गाडी काय पळाली! मी खूश. सौ. मागून, "अवो, काचा लावा की. पोरीला वारं लागंल." चारी काचा बंद, हीटर चालू. येताना वैशू म्हणाली, "आई, डोकं लय जड झालंय गं." सौ. म्हणाली, "नवव्यात व्हतंच तसं." माझंही डोकं ठणकत होतं, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.
घरी आल्यावर बॉनेट उघडलं. पॅकिंगपाशी काळा ओघळ. तिथून धूर फुटत होता आणि हीटरचा पंखा तो आत ओढत होता. नाकाला जन्माची सवय, मला वास आलाच नाही.
वैशूला विचारलं, बाळ हलतंय ना?
"मगापासून कळंना, बाबा."
शेजारच्याच्या टेंपोने परत कर्जत. डॉक्टरांना सगळं सांगितलं, सौ.समोरच. वैशूला ऑक्सिजन लावला. बाळाचे ठोके लागलेत. पण रात्रभर लक्ष ठेवावं लागेल म्हणाले.

७ जाने.
सकाळी घरी सोडलं. हालचाल मोजत राहा म्हणाले. सौ. रागावेल वाटलं होतं. म्हणाली, "काचा तर मीच लावाय सांगितल्या."

८ जाने.
पॅकिंग आलं. जुनी पेस्ट पार खरवडून नवीन बसवलं. ताजी पेस्ट सुकायला हवी, गाडीला उद्यापर्यंत हात लावणार नाही. वैशू दर थोड्या वेळाने पोटावर हात ठेवते. मी तिच्या तोंडाकडे बघतो. विचारायला भीती वाटते.

९ जाने.
इंजिन तासभर चालवून बघितलं. टॉर्च मारून तीनदा तपासलं, ओघळ नाही. तरी विश्वास बसेना. दुसऱ्या कोणाची गाडी सांगून ठेवावी...

१० जाने.
सकाळी सातला कळा. टेंपो भाजी घेऊन गेलेला, आपलीच गाडी काढली. बाहेर कडाक्याची थंडी. सौ.ने वैशूच्या कानाला स्कार्फ गुंडाळला आणि चारी काचा खाली केल्या. अख्ख्या वाटेत वैशू कुडकुडत होती. एकीनेही काच वर केली नाही.
साडेनऊ झाले. वैशू आत आहे. सौ.ने माझा हात धरलाय, डाव्या हाताने ह्या वहीत कसंबसं लिहितोय. आतून वैशूचा आवाज येतो. बाळाचा अजून नाही.