निळा शर्ट मापाला नेलाय

दादा,

शेजारच्या अक्कांकडून किल्ली घेऊन आत आले. तुझा निळा शर्ट नेतेय, टेलरला माप हवंय.

तू भांडून गेलास, पण तुझ्या म्हणण्याप्रमाणेच माझ्या लग्नाच्या यादीतले दोनशे पाहुणे अप्पांनी स्वतः खोडले. मोठा हॉलही सोडला. एवढी काटछाट करून खाली एकच नवा खर्च लिहिलाय: 'कानपिळीसाठी प्रदीपचा कोट.' नवरदेवाचा कान पिळायला मला दुसरा भाऊ आहे कुठे?

अप्पा खाली ऑटोत बसलेत. गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत म्हणे. तुझ्याकडे लिफ्ट आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

शर्ट मी परत आणून देणार नाही. मल्लेश्वरमला आपल्या घरी येऊन घेऊन जा. दार अप्पाच उघडतील.

रूपा