सही केलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या

नाना,

तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुमच्याशी बोलावं असं मला एकदाही वाटलं नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे लेकीला बापाची आठवण आली असा तुमचा गैरसमज नको. तुमच्या फोटोला हार आई घालते. मी फक्त खुर्ची धरते, कारण तिला त्या पायाने वर चढता येत नाही. तो पाय तसा का झाला हे आपल्या घरात तिघांनाच माहीत होतं आणि त्यावर तुम्ही मरेपर्यंत एक शब्द बोलला नाहीत.

मी सातवीत आहे. आई धुण्याच्या दगडावरून घसरून पडली आहे आणि शेजारच्या अक्कांनी आम्हाला रिक्षात घालून तुमच्या दवाखान्यात धाडलंय. तुमच्या एक्स-रेच्या खोलीबाहेर, बाकावर, आई एका अंगावर कलून बसली आहे. ओठ पांढरे पडलेत. तुम्ही पांढरा कोट घालून बाहेर येता आणि स्वतःच्या बायकोला विचारता, "चिठ्ठी शे का?" आई म्हणते, "अहो, चिठ्ठी कसानी? एक फोटो काढी ल्या ना, मना पाय उचलास नई." तुम्ही म्हणता, "साहेब लगनले गयात, सोमवारले येतीन. डाक्टरनी चिठ्ठीबिगर फोटो निंघाव नई." आणि नाना, तुमच्या टेबलाच्या डाव्या खणात चिठ्ठ्यांचं अख्खं पुस्तक होतं. साहेबांनी आधीच सह्या करून ठेवलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या. साहेबांच्या मेव्हण्याचा गुडघा दुखला की त्यातली एक फाटायची, कुणा पुढाऱ्याचा माणूस आला की दुसरी. सुट्टीत मी तुमच्या खोलीत बसायचे, मला सगळं ठाऊक होतं. मी त्या खणाकडे बोट दाखवलं तर तुम्ही माझा हात खाली दाबलात. "ती सही साहेबनी शे, मनी नई," म्हणालात. एवढे प्रामाणिक तुम्ही नेमके त्याच दिवशी झालात.

मग सोमवार उजाडेपर्यंत काहीतरी करायला हवं म्हणून तुम्हीच आईला गावाकडच्या हाडवैद्याकडे नेलंत. त्याने तेल लावलं, गुडघा पोटाशी धरला आणि पाय ओढला. आईची ती किंकाळी मला अजून ऐकू येते. पाय ओढायला कुणाची चिठ्ठी लागली नाही. सोमवारी साहेब आले, त्यांनी चिठ्ठी लिहिली, तुम्ही नियमाप्रमाणे फोटो काढलात आणि ओली फिल्म उजेडासमोर धरून बघत राहिलात. साहेब म्हणाले, नुसती चीर असणार, ओढाओढीने हाड सरकलं. तुम्ही फिल्म वाळत लावलीत आणि पुढच्या पेशंटला हाक मारलीत.

मी फिजिओथेरपिस्ट झाले ती आईच्या पायामुळे, तुमच्यामुळे नाही. धुळ्यात माझं छोटंसं क्लिनिक आहे. दुखणाऱ्या जागी हात लावला की आत मोडलंय की नुसतं मुरगळलंय, याचा अंदाज मला येतो, पण फोटो लिहून द्यायला आजही डॉक्टर लागतो. माझ्या कागदावर एक्स-रेवाले फोटो काढत नाहीत. आता कुणी फोटो लिहावा, कुणी लिहू नये, याचे नियम नव्याने ठरवायची चर्चा चालू आहे. त्यासाठी जळगावात आमच्या लोकांची सभा झाली. तिथे मी उभी राहिले आणि आईच्या पायाची गोष्ट सांगितली. तुमचं नाव घेतलं नाही, नुसतं 'एक कर्मचारी' म्हटलं. "नियमाच्या आड लपलेला तो माणूस मुळात भित्रा होता," असंही म्हणाले. टाळ्या पडल्या. दोन जणींनी तर डोळे पुसले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर पंधरा दिवस झाले असतील. शनिवारी दुपारी सोनगीरकडची एक म्हातारी सुनेबरोबर आली. मोटरसायकलवरून मागच्या मागे पडली होती. कोपर टम्म सुजलेलं. मी हलक्या हाताने चाचपलं आणि मला कळलं, मोडलंय. म्हटलं, फोटो काढावा लागेल, डॉक्टरची चिठ्ठी आणा. सून म्हणाली, "ताई, तुमीच लिखी द्या ना. तुमले बठ्ठं समजस." मी समोरच्या हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला, ते बाहेरगावी होते, उचलला नाही. आणि नाना, माझ्या टेबलाच्या खणात त्यांच्या सहीच्या कोऱ्या चिठ्ठ्या आहेत. एरवी ते फोनवर हो म्हणाले की मी पेशंटचं नाव भरते, चारचौघांसारखीच. त्या दिवशी मी खण अर्धा उघडला. मनात आलं, सध्या नियमांचा एवढा गवगवा चाललाय, उद्या कुणी विचारलं तर? सभेत बोलून मी आधीच सगळ्यांच्या डोळ्यावर आलेली. मी खण लोटला आणि म्हणाले, "मोठ्या दवाखान्यात जा, नाहीतर सोमवारी या, डॉक्टर येतील." हात गळ्यात बांधून दिला. हाडवैद्याकडे जाऊ नका, एवढं सांगायचंसुद्धा मला सुचलं नाही. मला, जिने जळगावात तीच गोष्ट सांगून टाळ्या घेतल्या.

काल ती आली. मोठ्या दवाखान्यात दिवस मोडतो म्हणून ते गेलेच नाहीत. गावातल्या हाडवैद्याने बांबूच्या कामट्या लावून हात करकचून आवळला होता. बोटं काळवंडली आहेत, अर्धवट वळून आखडलीत, मूठ मिटत नाही. ती माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. ती उलट हात पुढे करून म्हणाली, "ताई, कळनानी भाकर थापाले हात वळस नई. तुमना हातले गुण शे, करा काहीतरी." मी तिची बोटं एकेक करून सरळ करत बसले. ती फारशी सुधारणार नाहीत, हे मला कळतंय. तिला अजून सांगितलेलं नाही.

संध्याकाळी आई पाय ओढत चहा घेऊन आली आणि विचारलं, आज एवढी गप का? मी म्हटलं, डोकं दुखतंय. तिला कुठल्या तोंडाने सांगू? सभेतल्यांना तर नाहीच सांगता येणार. खूप विचार केला, नाना, आणि हे ज्याला सांगता येईल असा माणूस एकच निघाला. तुम्हाला मी माफ केलेलं नाही. पण ती फिल्म वाळत लावून तुम्ही पुढच्या पेशंटला हाक का मारलीत, ते मला काल कळलं. ती म्हातारी गेल्यावर मीही तेच केलं.